आईच्या मापाचा ब्लाऊज

माझी बायको सुचेता गेली. तिची जांभळी साडी कॉलेजच्या एथनिक डेला नेसायची, असं आमच्या आर्याने ठरवलं, पण त्यावरचा ब्लाऊज तिला होईना. आमच्या बनशंकरी भागातली टेलर अक्का म्हणाली, "स्वल्प उसवून सैल करून देते."

"नको अक्का, मीच बारीक होईन."

दोन महिने तिने रात्रीचं जेवण सोडलं. मी रोज भात वाढायचो आणि झाकून ठेवायचो.

आज ती साडी नेसून समोर उभी राहिली. "बाबा, सगळे हुक लागले बघ. आता मी आईएवढी झाले."

मी छान म्हटलं.



केमोनंतर जुने सगळे ब्लाऊज ढगळ झाले, म्हणून सुचेताने तो एकच नवा शिवून घेतला होता.