पाचव्या खिडकीवरचा अर्ज

आरोग्य खात्याची यादी फुटल्याचं ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी मिस्त्रींच्या दुकानात एकही शिलाई मशीन दुरुस्त झालं नाही. गल्लीतला जो तो फोन घेऊन तिथेच येऊन बसला. नाव, पत्ता, नंबर, आजार, सगळं खात्याने स्वतःच्या हाताने चव्हाट्यावर मांडलं होतं.

"माझ्या गुडघ्याची चौकशी बायकोने वर्षात केली नाही," समोरचा सलूनवाला म्हणाला. "ती फोनवरून तेल विकणारी पोरगी दिवसातून तीनदा करते."

लोक हसले. तेवढ्यात बॉबिनच्या डब्याशेजारी ठेवलेला मिस्त्रींच्या बायकोचा फोन वाजला. कुणीतरी तिचं पूर्ण नाव घेऊन शुगर कशी आहे म्हणून विचारत होतं.

"बाहेर गेलीय. येईल इतक्यात," मिस्त्री म्हणाले आणि फोन परत चार्जिंगला लावला.

हसणारे आपापल्या फोनमध्ये बघू लागले.

पंधरा दिवस हेच चाललं. लेकीने सांगून पाहिलं, बाबा, तो फोन बंद करून टाका आता. मिस्त्री मशीनला तेल घालत राहिले. मग सलूनवाल्याने गल्लीचा एकच अर्ज केला, आमच्या नंबरांवरचे असले फोन खात्यानेच बंद करवावेत म्हणून. मिस्त्रींच्या सहीसाठी त्याला तीन खेपा पडल्या. हात तेलकट आहेत, चष्मा घरी राहिलाय, असं करत करत शेवटी त्यांनी सही केली.

खातं कधी नव्हे ते हललं. गल्ली शांत झाली. मिस्त्रींना मात्र चैन पडेना. रोज दुपारी दुकानाचं दार ओढून घेऊन ते खात्याच्या कचेरीत जाऊ लागले.

पहिल्या खिडकीने तिसरी दाखवली, तिसरीने पाचवी. पाचवीवर पाटी होती, 'आपली माहिती आमच्याकडे सुरक्षित आहे'. पाटीखाली तक्रारींची वही उघडी पडलेली. कुणीही यावं, कुणाचंही दुखणं वाचून जावं. मिस्त्रींनी ती मिटून ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडीच.

मिस्त्रींनी बायकोचा नंबर सांगताच खिडकीवरच्या बाईने घडी न उलगडताच अर्ज परत केला. नंबर ज्यांचा, त्यांनीच यायला हवं म्हणाली.

"तिला यायला जमणार नाही."

"मग त्यांच्या सहीचं पत्र आणा."

मिस्त्री अर्ज घेऊन फिरले. पायऱ्या उतरताना त्यांनी तिचा फोन खिशातून काढून हातातच धरला.

सहाव्या दिवशी बाईनेच त्यांना पुढे बोलावलं. तिने नंबर कॉम्प्युटरवर तपासला होता.

"काका, तुमच्या मिसेसच्या नंबरवरचे फोन केव्हाच बंद झालेत. नऊ दिवस झाले. एक तरी आला का?"

"नाही."

"मग रोज भांडताय कशासाठी?"

मिस्त्रींनी आज नव्याने लिहिलेला अर्ज काचेखालून आत सरकवला. या वेळी तिने घडी उलगडली. दोनच ओळी होत्या. या नंबरवरचे फोन पहिल्यासारखे चालू करावेत. नऊ दिवसांत तिला कुणी विचारलेलं नाही.

बाईने अर्ज दोनदा वाचला. मग आवाज खाली आणून विचारलं, "काकू कुठे असतात?"

तिला जाऊन आठ महिने झाले होते. मृत्यूची नोंद करायची तेवढी अजून राहिली होती.