दाराजवळचा कॉम्प्युटर

“बाहेरचं कोणीतरी रोज दुपारी एकला दाराजवळच्या कॉम्प्युटरवर बसतं,” हुमेरा स्क्रीनकडे बघत म्हणाली, आणि जैनबबींच्या हातातला डबा तिथंच थांबला.

हुमेरा त्यांची नात. शारजाच्या या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत ऑनलाइन पुस्तकं आणि चित्रं सांभाळते. ती विकत मिळत नाहीत, एका कंपनीकडून वर्षाच्या लायसन्सवर येतात. जैनबबी तिला रोज जेवण आणतात. कॅन्टीनचं सँडविच हे काय माणसाचं अन्न? नात हात धुऊन येईपर्यंत त्या दाराजवळच्या कॉम्प्युटरपाशी टेकायच्या. त्याला पासवर्ड नव्हता. इंग्रजी वाचता येत नसलं तरी बाणाचं बटण दाबलं की जुन्या बंदरांचे फोटो सरकायचे. त्यांचा बाप जयगडहून कौलं भरून गलबत दुबईच्या खाडीत आणायचा. आणि नोव्हेंबरात सापडला की तो, डोलकाठीला टेकलेला! शेजारी एक खलाशी, सगळे दात काढून हसणारा. तेव्हापासून त्या रोज बापाला भेटून जायच्या. घरी सांगितलं नाही. सांगितलं की लेक-सुना शिकवायला बसतात.

पण एकदा हुमेरानंच एका पोराला दटावलं होतं, “पासवर्ड बाहेरच्याला दिलास तर कंपनी सगळंच बंद करेल.” आज तीच कंपनी स्क्रीनवर बसली होती. टायवाला संजय.

“मॅम, एक सौ तैंतालीस बार. कौन है ये?”

नातीची नोकरी गेलीच आता. मग व्हिसा. जैनबबींनी ओढणी सारखी केली आणि डबा टेबलावर आपटला.

“मी आहे ती. पोरीला एक शब्द बोलायचा नाही. जे बोलायचं ते मला बोल.”

हुमेरा हसायला लागली, डोळे पुसेपर्यंत.

“दादी, यू सेव्ह्ड अस! दारातून येईल त्याला इथं बसून बघू द्यायचं, अशी अट आहे लायसन्समध्ये. कोणी येतच नाही म्हणून हे कंपनीवाले ती अट काढायला निघाले होते. म्हणे, तुमचेच स्टुडंट बसत असतील, बाहेरचं माणूस दाखवा.”

संजयनं घसा खाकरला. “लेकिन मॅम, एक ही आदमी...”

जैनबबी खुर्ची ओढून ऐसपैस बसल्या.

“सांग त्याला, उद्या आमच्या बिल्डिंगमधल्या नूरजहाँला आणते. दात काढतोय ना, तो तिचा बाप.”