मिशीची पैज

"माझ्या वाफ्यात एक वळवळणारा जीव दाखव, मिशी उतरवतो!" फवारणीचा पंप खाली ठेवत अप्पांनी बायकोला ठणकावलं. अंगणात मधोमध विटांची ओळ होती. अलीकडे अप्पांचे गुलाब आणि औषधांच्या बाटल्या, पलीकडे बायकोची वांगी आणि तिने टाकलेली भाजीची सालं.

बागेच्या स्पर्धेच्या परीक्षक बाई आल्या. गुलाबांकडे बघितलंही नाही. खुरप्याने माती उकरली आणि म्हणाल्या, "एकही गांडूळ नाही? औषधं मारून मारून माती पार मारून टाकलीत की हो!"

अप्पांचा चेहरा पडला. स्पर्धेचा कप हवा तर गांडूळ हवं, आणि गांडूळ निघालं की मिशी गेली!

बाई चहाला आत गेल्या, तेवढ्यात अप्पांनी बायकोच्या वाफ्यातली मूठभर गांडुळं आणून गुलाबांखाली पुरली. मिशी काय, परत येते.

बाई बाहेर येताच अप्पा म्हणाले, "बाई, जरा इथे उकरून बघा ना!"

उकरायची वेळच आली नाही. गांडुळं आपणहून धडाधड वर आली आणि विटांवरून वळवळत एकामागून एक घरी परत निघाली. बाईही हसू दाबत त्यांच्या मागोमाग पलीकडे गेल्या.

"अहो," बायको म्हणाली, "चांगले वळवळत होते हं जीव. तुमच्याच वाफ्यातून निघाले."

कप बायकोला मिळाला. दाढीचं गरम पाणी तिने त्यातच आणून दिलं.