सात नंबरची खुर्ची

आमचा पाळणा म्हणजे साखळ्यांना टांगलेल्या, गरगर फिरणाऱ्या खुर्च्या. बसलेले सगळेच "काका, थांबवा ना!" ओरडायचे आणि मी हसून वेग वाढवायचो. सात नंबरवरची मुलगीही ओरडली होती. तिचा पट्टा सुटलाय, हे मला ती पडल्यावर कळलं.

आज नवा मेकॅनिक तपासणीला आला. मी पाळणा रिकामाच फिरवला.

"भरलेली असो की रिकामी, एका वेगात सगळ्या खुर्च्या सारख्याच कलतात," तो म्हणाला आणि त्यानं वर बोट दाखवलं.

सात नंबरची सरळ खाली लोंबत होती.

मी पाळणा बंद केला. बाकीच्या खुर्च्या खाली आल्या. सात नंबरची मात्र सावकाश बाहेर फेकली गेली आणि तशीच तिरकी राहिली.

"काका, थांबवा ना!" मेकॅनिक किंचाळला.

पाळणा केव्हाच थांबला होता.