बायोलॉजीचे अठ्ठ्याण्णव

"बायोलॉजी काहून सोडून राहिली वं?" डॉक्टर सुमंतांनी स्टेथोस्कोप टेबलावर ठेवला. "बारावीला तो विषय नसला तं मेडिकलवाले दारात उभं नाही करत. गणिताचं खूळ काढ डोक्यातून."

त्यांची मुलगी मुग्धा अकरावीचा फॉर्म घेऊन धंतोलीतल्या त्यांच्या दवाखान्यात उभी होती. विषयांच्या जागा कोऱ्या होत्या आणि पाचला कॉलेजची खिडकी बंद होणार होती.

"पण मला गणितच आवडतं, बाबा."

"मले पहिल्याच फटक्यात बायोलॉजीत अठ्ठ्याण्णव होते. तुले काय धाड भरली? बाहेर तुझ्या नावाची पाटी लागली, का मी सुटलो."

हे अठ्ठ्याण्णव मुग्धा पाळण्यात असल्यापासून ऐकत आली होती.

खाप्याहून आलेले पेशंट देवराव बाकावर पोट धरून बसले होते. त्यांनी मध्येच तोंड घातलं. "डाक्टरसाहेबाचं ऐक वं पोरी. देवमाणूस आहे ते. आपल्याच्यानं होत नसन तं सरळ मोठ्या दवाखान्यात धाडते. आजकाल कोण सांगते असं?"

म्हाताऱ्याने हात जोडले आणि मुग्धा विरघळली. बाबांसारखं व्हायला काय हरकत आहे? तिला रडू येत होतं, तरी गणितावर पाणी सोडून तिने फॉर्मवर बायोलॉजी लिहिलं.

आता राहिली डोमिसाइलसाठी बाबांची टीसी. महिनाभर ते 'उद्या काढतो' म्हणत होते. आपल्या कागदांना ते कोणाला हात लावू देत नसत. दवाखान्याच्या वरच घर होतं. ती वर आली, तेव्हा आईने वैतागून कपाटाची किल्लीच तिच्या हातात ठेवली. "घे वं, तूच काढ. त्यांच्या भरवशावर राहिली तं वर्ष जाईल."

फाइलीत टीसीआधी बारावीच्या मार्कशीटा हाती लागल्या. मुग्धाला हसू आलं. बघू तरी ते अठ्ठ्याण्णव!

खालून बाबांची हाक आली. "मुग्धा, देवरावले सलाइन लावून राहिलो. आईले खाली पाठव!"

मुग्धा जागची हलली नाही. मार्कशीटा तीन होत्या, तीन वर्षांच्या, तिन्ही बाबांच्या नावाच्या. तिन्हींवर इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र. आणि तिन्हींखाली एकच शब्द, अनुत्तीर्ण.