अश्रूंना भाषा नसते

“मोबाईल खिशात ठेवा सगळ्यांनी,” श्रेयस म्हणाला. “शूटिंग फक्त आमचं. दुसऱ्या कुणाच्या फोनवरून गेलं की बातमी शिळी होते.”

शिरड शहापूरच्या पुढं, तांड्यावर, थावराच्या अंगणात माणसं गोळा झाली होती. फोन मुकाट खिशात गेले.

थावराची लेक रुपा वसमतच्या एका खासगी दवाखान्यात बाळंत झाली. लेकरू सुखरूप, तीही सुखरूप. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला एक सुई दिली आणि घटकाभरात ती गेली. हृदय कमजोर होतं, असं दवाखान्यानं लिहून दिलं. चौकशी लागली, तीही त्याच वाक्यापाशी येऊन थांबली. सुई कसली होती ते घरच्यांना ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते बोलत नव्हते.

“आतलं कुणी बोललं तर ती बातमी,” चॅनेलचे संपादक व्यंकटराव सकाळीच म्हणाले होते. “नाहीतर नुसतं रडणं.”

“रडणं तरी आणतो,” श्रेयस म्हणाला होता.

त्याला बोलावणारा फोन रुपाच्या भावाचा, पेमाचा होता. “एक बाई बोलणार हाय. तुमी निस्तं या.”

श्रेयसनं निंबाखाली ट्रायपॉडवर आपला फोन लावला. उजेड बरा होता. अंगणातल्या चुलीपाशी एक बाई चहा उकळत होती, मांडीवर रुपाचं तान्हं लेकरू. एका हातानं चुलीत काटकी सारायची, दुसऱ्या हातानं लेकराच्या तोंडावरची माशी वारायची.

“भिकाबाई, पाव्हण्याला साखर कमी घाल गं,” कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली. “टीव्हीवाले हायेत. बोलूनच गोड करून घेत्यात.”

कुणीतरी हसलं, आणि हसल्याबद्दल लगेच ओशाळलं.

मग घरातून ती बाहेर आली. चाळिशीची, साध्या सुती साडीतली, पदर कपाळापर्यंत ओढलेला. मनगटावर घड्याळ, तबकडी आतल्या बाजूला. डोळे सुजलेले. माणसांनी सरकून वाट दिली.

“ह्याच ना?” श्रेयसनं हळूच विचारलं.

“व्हय, हीच,” थावरा म्हणाला. “रुपाच्या उशाशी हीच होती. शेवटपोत.”

“ताई, इकडं बघा. काय झालं ते सांगा.”

तिनं तोंड उघडलं. शब्द ओठापर्यंत आला आणि माघारी गेला. कॅमेऱ्याकडं बघून तिनं मान खाली घातली.

“तिला असं न्हाई जमायचं,” पेमा म्हणाला. “आमच्यात बाया गळ्यात पडून रडत्यात, गाऊन रडत्यात. ढावलो म्हणतो आमी. बोलताना माणूस लपवून ठिवतं, ढावल्यात न्हाई लपवता येत. तुमी आवाज बराबर घ्या.”

“आवाजाची काळजी नको.”

ती चुलीपाशी गेली, खाली बसली आणि भिकाबाईच्या गळ्यात पडली.

सूर आधी बारीक होता, कोरड्या ओढ्यात पहिलं पाणी सरपटत यावं तसा. मग तो भरला. एक ओळ वर चढायची, टोकाशी थांबायची, हुंदक्यावरून खाली घसरायची, आणि खाली आली की तिथं रुपाचं नाव. बंजाऱ्यांच्या गोरबोलीतलं श्रेयसला तेवढंच कळत होतं.

एका ओळीला साऱ्या बाया एकदम “हाय!” म्हणाल्या. थावरानं डोळे मिटले. चहा उतू गेला, निखारे फसफसले, पण कुणी उठलं नाही. भिकाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. सावकाश, लेकराला निजवावं तसा. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता, म्हणून श्रेयसनं तिला चौकटीबाहेर ठेवलं.

सूर विझला. रडणारी उठली, रांजणापाशी गेली. तिनं कोपरापर्यंत हात धुतले. परत धुतले.

“समदं आलं का?” पेमानं विचारलं.

“सगळं.”

“ती काय बोलली ते सांगू का? लिहून घेता?”

“गरज नाही रे,” श्रेयस हळुवार म्हणाला. त्याचेही डोळे भरून आले होते. “अश्रूंना भाषा नसते.”

पेमा त्याच्याकडं बघत राहिला. “बरं. जपून ठिवा म्हंजे झालं.”

वसमत येईपर्यंत श्रेयसला आपलंच वाक्य फार आवडलं. त्यानं तेच शीर्षक दिलं. मूळ आवाज कानाला जड जात होता, प्रेक्षकाला कळलाही नसता. तो काढून त्यानं वर बासरी टाकली. तिचा चेहरा अगदी जवळ घेतला. ‘मातेचा टाहो’ असं खाली लाल पट्टीत लिहिलं.

संध्याकाळपर्यंत तो चेहरा जिल्हाभर फिरला. “मीसुद्धा रडलो रे,” व्यंकटराव म्हणाले. श्रेयसच्या फोनमध्ये जागा उरली नव्हती. मूळ शूटिंग त्यानं पुसून टाकलं.

पुढच्या आठवड्यात पेमा ऑफिसात आला. चहा नको म्हणाला.

“त्या दिवसाचं रेकॉर्डिंग पायजे. चौकशीवाल्यायला द्यायचं हाय. बासरीचं न्हाई, आवाजाचं.”

श्रेयसनं खालच्या मानेनं सांगितलं.

“पुसलं? काहून?”

“जागा नव्हती. पण पेमा, लाखभर लोकांनी पाहिलं ते! आणि एवढं काय, पुन्हा घेऊ. उद्याच येतो मी.”

“ती आता न्हाई यायची. तुमी तोंड दाखवलं तिचं. डॉक्टरनं बी पाह्यलं.”

“पाहू दे की. पोटच्या लेकीसाठी रडायला आईनं डॉक्टरला कशाला भ्यायचं?”



“माझी माय तर तुमाला चहा करून राहिली होती, साहेब,” पेमा म्हणाला. “रडली ती दवाखान्यातली सिस्टर, आमच्यातलीच. रुपाला सुई तिनंच टोचली होती.”