मोकळा हात

डॉक्टर दिवसभर लोकांचे हात हातात घेऊन नाडी बघायचे. घरात मात्र बायको चहाचा कपसुद्धा टेबलावरून सरकवून द्यायची. शेवटी लेकीनंच दोघांचं नाव तलवारबाजीच्या वर्गात घातलं. "घरात धुसफुसता, ते तिथे नियमानं करा," म्हणाली.

त्या नियमांतला एकच डॉक्टरांच्या मनात भरला. हातमोजा फक्त तलवारीच्या हाताला. सामना संपला की मुखवटा काढायचा आणि मोकळ्या, डाव्या हातानं हात मिळवायचा. तेव्हापासून त्यांना हरवणं हा बायकोच्या डाव्या हातचा मळ झाला.

"अहो डॉक्टर, वार अडवायचा असतो, पुढे होऊन अंगावर घ्यायचा नसतो," एकदा सर वैतागले.

डॉक्टर ओशाळून हसले. "काय करू सर, सामना लांबला की धीर धरवत नाही. हरलो की लवकर संपतो, निदान तिचा हात तरी हातात येतो."

मागे बायको मुखवटा काढत होती. तिनं सगळं ऐकलं.

 

दुसऱ्या दिवशी ती दोन्ही हातांत हातमोजे घालून आली.